नुसते आलोय

त्र्यंबकेश्वरला समुद्र नाही. एवढी एक उणीव सोडली, तर माणूस सुट्टीत समुद्रकाठच्या गावी ज्या ज्या गोष्टींसाठी जातो त्या सगळ्या तिथे हजर आहेत. भिजायला पाणी आहे. मागे डोंगर आहे, डोंगरावर ढग आहेत. निखाऱ्यावर भाजलेलं कणीस आहे. ‘गरम पाणी सकाळी सहा ते आठ’ अशी पाटी लावलेली लॉज आहेत. हातातला खाऊ पळवायला टपलेली माकडं आहेत, आणि ‘सीझन आहे, साहेब’ एवढं म्हणून खोलीचं भाडं दुप्पट करणारी माणसंही आहेत. तरीसुद्धा अलिबागला निघालेला मनुष्य ऑफिसात चारचौघांत ‘फिरायला चाललोय’ म्हणून सांगतो, आणि तोच मनुष्य त्र्यंबकला निघाला की आवाज खाली आणून ‘जरा दर्शनाला जाऊन येतो’ म्हणतो. फायदा अर्थात दुसऱ्या वाक्याचा जास्त. फिरायला रजा मागितली की साहेबाला तुंबलेल्या फायली आठवतात. दर्शनाला मागितली की साहेब पाकिटातून एकावन्न रुपये काढतो आणि ‘माझ्याही नावाने एक अभिषेक करा’ म्हणतो.

मराठी माणसाला कोरडी सुट्टी पचतच नाही, तिच्यावर देवाधर्माचं थोडं तूप लागतं. महाबळेश्वरला गेला तरी तो आधी जुन्या महाबळेश्वरात पंचगंगेखाली हात ओले करतो आणि मग स्ट्रॉबेरीकडे वळतो. गणपतीपुळ्याला समुद्राकडे पाठ करून पहिली प्रदक्षिणा घालतो. गोव्याहून आला की पाहुण्यांना मंगेशीचे फोटो पुन्हा पुन्हा दाखवतो आणि बाकीचे फोटो ‘दुसऱ्या फोनमध्ये आहेत’ असं सांगतो.

तेव्हा आमच्या घरात पावसाळ्यातल्या जोडून आलेल्या सुट्टीसाठी गुहागरचं नाव निघालं आणि काकूंनी ते पाडलं, यात नवल काही नव्हतं. ‘पावसात खवळलेला समुद्र काय बघायचा? आणि बघून करायचं काय?’ या प्रश्नाला आजवर कोणी उत्तर देऊ शकलेलं नाही. समुद्र बघून खरोखरच काही करता येत नाही. त्यापेक्षा त्र्यंबक करून टाकू, सिंहस्थाची गर्दी उसळायच्या आत, असं काकू म्हणाल्या. आपल्याकडे तीर्थक्षेत्र ‘करून टाकायचं’ असतं, लाइट बिल भरून टाकतात तसं.

भाचा हिरमुसला. त्याला समुद्र हवा होता. त्याची समजूत काढायला काकांनी नकाशा उघडला आणि आम्हा सगळ्यांच्या ज्ञानात भर पडली. त्र्यंबकपासून अरबी समुद्र सरळ रेषेत शंभर किलोमीटरसुद्धा नाही. शेजारी एवढा मोठा समुद्र असताना ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदावरी त्याच्याकडे चक्क पाठ फिरवते आणि महाराष्ट्र, तेलंगण, आंध्र पालथे घालत १,४६५ किलोमीटरांवरचा बंगालचा उपसागर गाठते. तिथल्याच डोंगरांत उगवलेली वैतरणा मात्र व्यवहारी. ती सरळ पश्चिमेला उतरते आणि दीडशेएक किलोमीटरांत अर्नाळ्यापाशी समुद्राला मिळून मोकळी होते. पण जगात नाव होतं ते लांबच्या रस्त्याने जाणाऱ्याचंच. गोदावरीला दक्षिणगंगा हा किताब मिळाला, पैठण मिळालं, नांदेड मिळालं, राजमहेंद्री मिळाली. वैतरणेच्या वाट्याला मुंबई महानगरपालिका आली. अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा, मोडक सागर अशा धरणांत अडवून तिचं पाणी मुंबईला आणलं. म्हणजे मुलुंडच्या आमच्या फ्लॅटात बादलीत पडणारं पाणी त्र्यंबकच्या बाजूचंच. आम्ही जन्मभर दक्षिणा न देता, संकल्प न सोडता त्या डोंगरांच्या पाण्याने अंघोळ करत आलो होतो. काकांनी हे सांगितल्यावर काकू क्षणभर गप्प झाल्या. मग म्हणाल्या, ‘नळाचं पुण्य लागत नाही.’ आणि आम्ही निघालो.

घोटीवरून त्र्यंबकला वळलं की पावसाळ्यात रस्ता असा हिरवा होतो की ड्रायव्हरने समोर बघावं म्हणून मागच्यांना ओरडावं लागतं. भाताची खाचरं पाण्याने भरलेली असतात, आणि डोंगरावर जिथे जागा मिळेल तिथून पांढरी धार सुटलेली असते. इथे आमच्या गाडीत कोणी ‘वा’ म्हटलं नाही, कारण ‘आधी दर्शन’ असा काकूंचा हुकूम होता. आनंद परतीच्या प्रवासासाठी राखून ठेवला.

लॉजवरच्या मॅनेजरने रजिस्टर पुढे सरकवलं. नाव, गाव, आधार क्रमांक, आणि त्यापुढे रकाना होता ‘येण्याचे कारण’.

‘कोणता विधी?’ त्याने विचारलं.

‘विधी नाही.’

‘म्हणजे कालसर्प?’

‘तोही नाही.’

‘नारायण नागबळी असेल तर तीन दिवस लागतात हं. तुमचं बुकिंग एकाच रात्रीचं आहे, आत्ताच सांगतो. नंतर खोली मिळणार नाही.’

‘अहो, आम्ही नुसते आलोय,’ काका म्हणाले.

‘नुसते?’ त्याने पेन खाली ठेवलं. मान वाकडी करून त्याने आमच्याकडे, मग आमच्या सामानाकडे आणि शेवटी भाच्याच्या हातातल्या पोहायच्या चष्म्याकडे पाहिलं. रजिस्टरच्या त्या पानावर आमच्या वरच्या सगळ्या ओळींत त्रिपिंडी, कालसर्प, नागबळी अशी भरगच्च नोंद होती. आमची एकच ओळ मोकळी राहणार हे त्या सज्जनाला बघवेना. त्याने स्वतःच्या हाताने ‘दर्शन’ असं लिहिलं आणि ‘रिकामं ठेवलं की मालक विचारतात’ असा खुलासा केला.

पुढे तोच प्रश्न चहावाल्याने विचारला, फुलवालीने विचारला, चपला सांभाळणाऱ्यानेही विचारला. सबंध गाव विधींवर चालतं. गल्ल्यांतून ‘ताम्रपत्रधारी’ गुरुजींच्या पाट्या आहेत, त्यावर दोष आणि शांती यांची यादी आहे. पाचसहा पाट्या सलग वाचल्या की धडधाकट माणसालाही आपल्या पत्रिकेत काहीतरी खुपत असावं असं वाटू लागतं. माझी बायको तर एका पाटीपुढे थबकून माझ्याकडे इतका वेळ बघत राहिली की मी हात धरून तिला पुढे काढली.

आता स्थळदर्शन. त्र्यंबकला आलेल्या परगावच्या माणसाचा पहिला प्रश्न असतो, ‘गोदावरी कुठाय?’ आणि स्थानिक माणसाचं उत्तर असतं, ‘तुम्ही तिच्यावरच उभे आहात.’ हा विनोद नाही. गावात नदीचं पात्र बऱ्याच ठिकाणी काँक्रीटच्या स्लॅबखाली गेलंय. ज्या नदीवर खाली राजमहेंद्रीला १९७४ साली चार किलोमीटरांहून लांब पूल बांधावा लागला, ती जन्मगावी इतकी मापात बसते की तिला झाकून टाकता येतं, वरून रस्ता काढता येतो, रस्त्यावर भेळेची गाडीही लावता येते. मोठ्या माणसाची त्याच्या गावात हीच अवस्था असते म्हणा.

बरं, या नदीला त्र्यंबकात राहायचंच नव्हतं असं पुराणच सांगतं. दुष्काळात गौतम ऋषींच्या आश्रमात तेवढं धान्य पिकत होतं. शेजारच्या ऋषींना ते बघवेना. मत्सर हा रोग ऋषींनाही होतो हे आपल्या पुराणांनी कधी लपवलेलं नाही. त्यांच्या कारस्थानाने एक मायावी गाय शेतात शिरली, गौतमांनी तिला दर्भाच्या काडीने हाकललं, आणि ती तिथेच मेली. गोहत्येचं पातक धुवायला गंगा हवी म्हणून गौतमांनी ब्रह्मगिरीवर तप केलं. शंकराने जटा आपटून गंगा खाली सोडली. पण ती डोंगरावर प्रकटली आणि गुप्त झाली, गंगाद्वारला दिसली आणि पुन्हा गुप्त झाली. ज्यांच्यासाठी आली त्यांच्याच हाती लागेना. शेवटी गौतमांनी कुश नावाचं गवत घेऊन तिच्याभोवती कडं घातलं आणि म्हणाले, थांब. तेच कुशावर्त. आज सिंहस्थात पोलीस खातं शेकडो लोखंडी बॅरिकेड लावतं, पण त्र्यंबकातलं पहिलं बॅरिकेड गवताचं होतं आणि ते टिकलं.

आजचं कुशावर्त म्हणजे दगडी ओवऱ्यांनी वेढलेलं, सुमारे एकवीस फूट खोल चौकोनी कुंड. अठराव्या शतकात ते बांधून काढलं. सिंहस्थात शैव आखाड्यांचे साधू इथे स्नान करतात, वैष्णव नाशिकला रामकुंडावर. ही वाटणी जुन्या भांडणातून झालेली आहे. एरवी कुंडात तुमच्याआमच्यासारखे असतात. एक हात साखळीला, दुसरा नाकाला, अशी तीन बुडक्यांची घाई. काठावर कुटुंबातली एक व्यक्ती कपड्यांची राखण करत ओरडत असते, ‘डोकं भिजलं नाही! पुन्हा!’ आमचा भाचा पोहायची चड्डी आणि निळा चष्मा घालून पायरीवर उभा राहिला. शेजारी संकल्प सांगणारे गुरुजी मंत्र म्हणता म्हणता थांबले. त्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि अत्यंत शांतपणे सांगितलं, ‘बाळा, चष्मा काढ. देवाला ओळख पटली पाहिजे.’ भाच्याने विचारलं, ‘डाइव्ह मारू?’ गुरुजींनी मंत्र पुढे सुरू केले.

देवळाची रांग हे त्र्यंबकचं सगळ्यात लांब आकर्षण. फुकट दर्शनाची एक रांग आणि दोनशे रुपयांच्या देणगी दर्शनाची दुसरी. ‘देवाकडे पैसे देऊन लाइन मोडायची?’ असं म्हणून काकूंनी आम्हाला फुकट रांगेत उभं केलं. पहिला तास भक्तीत गेला. दुसऱ्या तासाला पुढच्या कुटुंबाशी ओळख होऊन त्यांच्या मुलीसाठी आमच्या नात्यातला एक मुलगा सुचवून झाला. तिसऱ्या तासाला काकूंनी कोणालाही उद्देशून नाही अशा आवाजात विचारलं, ‘ती दोनशेवाली कुठून सुरू होते?’

रांगेत काकांचं तोंड मोकळं सुटलं होतं. हे देऊळ नानासाहेब पेशव्यांनी १७५५ साली बांधायला घेतलं आणि १७८६ साली ते पुरं झालं. नानासाहेब वारले १७६१ साली. ‘म्हणजे ज्याने देऊळ काढलं त्यालाही पुरं झालेलं देऊळ दिसलं नाही,’ काका म्हणाले, ‘आणि तुम्ही तीन तासांत कुरकुर करता!’ समोरच्या काळ्या दगडावरचं कोरीवकाम बघायला यापेक्षा सोयीची जागा नाही हेही त्यांचंच मत. ते मात्र खरं. रांग इतकी हळू सरकते की एकेका हत्तीची आणि एकेका पाकळीची आपली ओळख होते. माझी एका वादकाशी झाली होती. त्याच्या ढोलकीवर बोटं कशी पडली आहेत तेसुद्धा मला पाठ झालं.

मग काकांनी हिऱ्याची गोष्ट काढली. या देवस्थानचा त्रेचाळीस कॅरटचा हिरा जगात ‘नासक डायमंड’ म्हणून प्रसिद्ध आहे. पेशवाई बुडाली त्या १८१८ साली तो इंग्रजांच्या हाती पडला, लंडनला गेला, तिथल्या सरदाराच्या तलवारीच्या मुठीत बसला, पुढे अमेरिकेत गेला आणि १९७० साली न्यूयॉर्कच्या लिलावात पाच लाख डॉलरला विकला गेला. तेवढ्यात आमची तपासणी आली. शिपाईदादांनी पिशव्या उलट्यापालट्या केल्या, मोबाइल बाहेर ठेवायला लावले, काकूंच्या पर्समधली सुपारीची डबीसुद्धा उघडून बघितली. ‘हे खातं दोनशे वर्षं आधी काढायला हवं होतं,’ काका म्हणाले. शिपायाला संदर्भ लागला नाही. त्याने काकांची पिशवी पुन्हा एकदा तपासली.

आणि दर्शन? इतर ज्योतिर्लिंगांसारखी इथे वर आलेली पिंड नाही. खोलगट जागेत अंगठ्याएवढी तीन लिंगं आहेत, ब्रह्मा, विष्णू आणि महेश. उंबऱ्याबाहेरून ती सहजी दिसावीत म्हणून वर आरसा लावलाय. आपण आरशात बघतो, तेवढ्यात ‘चला, चला पुढे’ अशी आरोळी येते. माझ्यापुढच्या बाईंनी त्या दोन सेकंदांत आधी आरशात कपाळावरचं कुंकू सरळ केलं आणि मग हात जोडले. मला त्यात काही गैर दिसलं नाही. देवासमोर माणसाने नीटनेटकं उभं राहावं.

त्र्यंबकातली माझी आवडती गोष्ट मात्र ना देऊळ, ना कुंड. ती म्हणजे तीर्थोपाध्यायांच्या वह्या. जुन्या वाड्याच्या ओसरीवर गुरुजी बसतात, मागे फडताळात लाल कापडात बांधलेले लांबोडके ग्रंथ रचलेले असतात. तुम्ही आडनाव सांगायचं, मूळ गाव सांगायचं. काकांनी सांगितलं. गुरुजींनी एक बासन सोडलं, अंगठा जिभेला लावून पानं उलटली, आणि कुठल्याही कॉम्प्युटरशिवाय आमच्या पणजोबांवर बोट ठेवलं. मोडीतली सही, खाली बरोबर आलेल्या मुलांची नावं, त्याखाली आजोबांची बाळबोध सही. काकूंचे डोळे भरून आले. आमच्या सोसायटीला मागच्या वर्षीची मेंटेनन्सची पावती सापडत नाही, आणि इथे चार पिढ्या एका पानावर नांदत होत्या.

गुरुजींनी कौतुकाने पुढचं पान उलटलं. ‘आणि हे बघा, यजमान स्वतःही येऊन गेलेत. १९७८.’

ओसरीवर एकदम शांतता पसरली. काकूंचं लग्न १९७६ चं. १९७८ साली काका ऑफिसच्या ऑडिटसाठी नाशिकला गेले होते आणि कामाने इतके थकून आले होते की काकूंनी आठवडाभर त्यांना भाजीसुद्धा आणू दिली नव्हती. वहीत काकांच्या सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं, ‘मित्रमंडळीसह आनंदाने दर्शन घेतले. पुढील खेपेस सहकुटुंब येण्याची इच्छा आहे.’

‘इच्छा!’ काकू म्हणाल्या. ‘इच्छा आहे म्हणे!’

गुरुजी अनुभवी होते. अशा वह्या सांभाळणाऱ्याला संसाराची सगळी अंगं कळत असणार. त्यांनी चटकन पेन काकूंच्या हाती दिलं आणि म्हणाले, ‘आता वहिनी, तुम्हीच लिहा.’ काकूंनी तारीख घातली, सगळ्यांची नावं लिहिली आणि शेवटी ‘सहकुटुंब’ हा शब्द खालून दोनदा अधोरेखित केला. आणखी चार पिढ्यांनी कोणी ते पान उलटलं तर त्याला तो शब्द आधी दिसेल.

दुसऱ्या दिवशी ब्रह्मगिरी. उंची तेराशे मीटरच्या जवळपास, पायऱ्या सातशेच्या आसपास, आणि दर पन्नास पायऱ्यांवर लिंबू सरबत. वरून येणारा प्रत्येक जण ‘आता काही नाही, आलंच’ असं सांगतो. हे वाक्य पहिल्या पायरीपासून ऐकू येतं. बाजूला आदिवासी बाया काकड्या उभ्या चिरून मीठ-तिखट लावून देतात, कोणाच्या पाटीत कर्टोली असतात, कोणाकडे कुठल्याशा मुळ्या. माकडांची व्यवस्था मात्र जागोजागी चोख आहे. समुद्राची लाट चप्पल नेते तेव्हा निदान विचार करून नेत नाही. इथे एका माकडाने भाच्याच्या हातून थंड पेयाची बाटली घेतली, कातळावर बसून झाकण फिरवून उघडलं, वास घेतला, आणि अर्धी बाटली पिऊन उरलेली खाली ठेवून दिली. ते झाकण आदल्या वळणापासून आमच्यातल्या कोणालाच उघडत नव्हतं.

वर पोचलात आणि पाऊस असला तर दृश्य शून्य. सगळीकडे पांढरं. शंकराने जिथे जटा आपटल्या त्या खडकावरच्या खुणा दाखवतात, गोदेचा उगम दाखवतात, आणि मग कठड्यापाशी उभं करून ‘इथून सगळा मुलूख दिसतो’ असं सांगतात. आम्ही त्या पांढऱ्या मुलखाकडे तोंड करून फोटो काढले. त्यात आम्ही सगळे कुठल्यातरी स्टुडिओत धुतलेल्या चादरीपुढे उभे असल्यासारखे दिसतो. मग वारा फिरला, ढग मध्येच फाटला, आणि खाली देवळाचा कळस, गावाची कौलं, पत्रे, खाचरं, पलीकडे धुतलेला डोंगर असं सगळं एकदम झळकलं. काकू म्हणाल्या, ‘अगं बाई!’ एवढंच. पण त्या तिथून बराच वेळ हलल्या नाहीत, आणि ‘बघून करायचं काय’ असं कोणाला विचारलंही नाही.

उतरताना काका हरवले. त्र्यंबकला कुटुंबातलं एक माणूस हरवण्याची जुनी परंपरा आहे. ज्ञानेश्वरांचे आईवडील मुलांना घेऊन ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करत असताना वाघ आडवा आला, पळापळ झाली आणि थोरला निवृत्ती चुकला. तो गहिनीनाथांच्या गुहेत जाऊन पोचला, त्याला गुरू मिळाला, त्याने ते ज्ञान धाकट्या भावाला दिलं, आणि मराठीला ज्ञानेश्वरी मिळाली. आमचे काका हरवले ते मिसळीच्या दुकानात सापडले. त्यांना तिथे दुसरा रस्सा मिळत होता.

निवृत्तिनाथांची समाधी गावातच आहे. पौष वद्य एकादशीला तिथे वारकऱ्यांची मोठी यात्रा भरते, आषाढीसाठी इथून पालखी पंढरपूरला जाते. पण एरवी देवळाच्या रांगेतले फार लोक इकडे फिरकत नाहीत, कारण ज्योतिर्लिंगांच्या यादीत हे नाव नाही. तिथे आम्हाला बसू दिलं. कोणी ‘चला पुढे’ म्हटलं नाही. एक म्हातारे वारकरी खांबाला टेकून पेंगत होते. काकूंनी विचारलं, ‘बाबा, कोणत्या कामाने आलात?’ ते म्हणाले, ‘काम कशाचं? नुसता आलोय.’ लॉजच्या मॅनेजरने हे ऐकायला हवं होतं.

या गावाने जगाला आणखी एक गोष्ट दिली आहे, पण तिची पाटी कुठल्याच रिक्षावर नसते. दादासाहेब फाळके त्र्यंबकचे. जन्म ३० एप्रिल १८७०. त्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ काढला तेव्हा तारामतीच्या भूमिकेला बाई मिळेना, शेवटी अण्णा साळुंके नावाच्या पुरुषाला साडी नेसवून उभं केलं. त्यांचा एकमेव बोलपट १९३७ चा, आणि त्याचा विषय कोणता? ‘गंगावतरण’. जन्मगाव माणसाला असं शेवटपर्यंत सोडत नाही. आज त्याच गावाच्या रस्त्यावर पहिनेच्या धबधब्यापाशी पावसाळी रविवारी बघावं. प्रत्येक दगडावर एक दिग्दर्शक, एक नायक आणि छत्री धरणारा एक सहायक उभा असतो. नायकाला पाण्यात पुन्हा पुन्हा केस उडवायला लावतात. फाळक्यांना नटी मिळाली नाही, इथे प्रेक्षक मिळत नाहीत. सगळेच पडद्यावर.

परत जाताना नाशिकच्या दिशेने थोडा वळसा घेतला तो अंजनेरीसाठी. हनुमानाचा जन्म इथला अशी श्रद्धा आहे. हंपीजवळच्या किष्किंधेचे लोक म्हणतात, तिथला. २०२२ साली नाशिकला यावर शास्त्रार्थ भरला. वाद जन्मस्थानाचा, पण भडका उडाला तो कोणी कोणत्या आसनावर बसायचं यावरून. हनुमान तेव्हा कुठे बसला असता हे सांगता येत नाही, बहुधा कौलावर.

अंजनेरीच्याच पायथ्याला भारतीय नाणेशास्त्र संशोधन संस्था आहे, १९८० पासून. तिथे नाण्यांचं संग्रहालय आहे. आमच्या गाडीतल्या कोणालाही हे ठाऊक नव्हतं. त्या दोन दिवसांत कुशावर्तात, उगमावर आणि दिसेल त्या कुंडात आम्ही मिळून पन्नासेक रुपयांची नाणी टाकली होती. मान खाली घालून, डोळे मिटून, एकाही नाण्याकडे न बघता. इथे काचेमागे तेवढीशी नाणी, आणि त्यांच्यावरचे राजे, हत्ती, अक्षरं समजावून सांगणारे तक्ते. भाचा नाक काचेला लावून बसला. त्याला बाहेर काढायला ‘आता वाटेत भजी’ हे आश्वासन द्यावं लागलं. सुट्टीत त्याला ज्या एका जागेवरून ओढून आणावं लागलं ती ही जागा, आणि आमच्या कार्यक्रमपत्रिकेत ती नव्हतीच.

तेव्हा वाचकहो, समुद्र नसला तरी त्र्यंबकला जा. ऑक्टोबर २०२६ मध्ये सिंहस्थाचा ध्वज चढेल आणि २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मुख्य स्नानं होतील. त्या काळात गाव बघायला मिळणार नाही, फक्त गर्दी बघायला मिळेल. गर्दीच बघायची असेल तर तिसऱ्या श्रावणी सोमवारी प्रदक्षिणेला जा, त्यासारखी दुसरी नाही. एरवी मधला वार धरा. देवळाला अर्धा दिवस द्या आणि गावाला पुरा एक. ब्रह्मगिरीवर खाऊ चेन लागणाऱ्या पिशवीत न्या, रिकाम्या बाटल्या परत खाली आणा, कर्टोली विकणाऱ्या बाईशी पाच रुपयांसाठी घासाघीस करू नका. वही बघायला जाणार असाल तर घरातल्या पुरुषांनी आपली जुनी ऑफिसची कामं आधी आठवून ठेवावीत. आणि गाडी नसेल तर नाशिकला जाणारी शेवटची एसटी किती वाजता आहे, ते उतरल्याबरोबर स्टँडवर विचारून घ्या.